डब्याचं दार आणि दोन मिनिटांचा थांबा

कोकणात जाणारी रात्रीची गाडी ठाण्याला थांबते आणि माझं घर ठाणे स्टेशनपासून रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. तरीही मी ही गाडी ठाण्याला पकडत नाही. संध्याकाळी लोकलनं उलटी सीएसएमटीला जाते, तिथे गाडीत बसते आणि पाऊण तासानं त्याच ठाण्यावरून पुढे निघते. घरच्यांना आता सवय झाली आहे, बाहेरच्यांना मात्र दर वेळी समजावून सांगावं लागतं. ठाण्याला गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. तेवढ्यात उतरणारे उतरतात, चढणारे बॅगा घेऊन दारावर तुटून पडतात आणि या सगळ्यात मला दार गाठायचं असतं. सीएसएमटीला गाडी सुटायच्या बऱ्याच आधी उभी असते. शिवाय तिथे रूळ संपतात, त्यामुळे पूल चढायचा नाही, लिफ्ट शोधायची नाही. लोकलमधून उतरून सपाट जमिनीवरून थेट लांब पल्ल्याच्या प्लॅटफॉर्मवर जाता येतं.

मला लहानपणी पोलिओ झाला. उजव्या पायाला मांडीपर्यंत कॅलिपर, म्हणजे पाय ताठ धरणारा पट्ट्यांचा सांगाडा, आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत येणाऱ्या कुबड्या, असं माझं चालणं. पल्स पोलिओ मोहीम १९९५ साली सुरू झाली, मी त्याच्या कितीतरी आधीची. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पण रोग गेला तरी आम्ही आहोत, आणि आमची वयं वाढताहेत. पोलिओ होऊन काही दशकं उलटल्यावर बऱ्याच जणांना नव्यानं अशक्तपणा येतो, चांगल्या समजलेल्या पायातलीही ताकद उतरते. माझं तेच सुरू आहे. तिशीत असताना ज्या दारात मी सहज चढायचे, त्याच दाराचा आता मला दोन दिवस आधीपासून विचार करावा लागतो. वर्षानुवर्षं कुबड्यांवर भार टाकून खांदेही दुखतात.

जायचं होतं आत्याकडे. ती सिंधुदुर्गात, आता अंथरुणाला टेकलेली. बसनं जायचा प्रश्नच नव्हता. स्लीपर बसच्या पायऱ्या उभ्या आणि अरुंद, आत संडास नाही, आणि घाटात एखाद्या हॉटेलपाशी बस थांबली की तिथल्या ओल्या फरशीवर माझ्या कुबड्या टिकत नाहीत. रेल्वेत निदान संडास आहे, पाय लांब करता येतो, आणि गरज पडली तर तिकीट तपासनीसाला काही सांगता येतं.

आधी कागदांचं सांगते, कारण बरेच जण तिथेच अडतात. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, वेगळं आणि रेल्वेचं सवलत ओळखपत्र वेगळं. रेल्वेच्या कार्डासाठी सरकारी डॉक्टरांकडून ठरावीक नमुन्यात सवलतीचा दाखला घ्यावा लागतो. पूर्वी विभागीय कार्यालयात खेटे घालावे लागायचे, आता अर्ज ऑनलाइन करता येतो. कार्ड हातात असलं की स्लीपर आणि थर्ड एसीच्या मूळ भाड्यात ७५ टक्के, सेकंड आणि फर्स्ट एसीत ५० टक्के सूट मिळते. सोबत येणाऱ्या एका माणसालाही तेवढीच. आरक्षण शुल्क आणि सुपरफास्टचे पैसे मात्र पूर्ण भरायचे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं नोंदली आहेत. रेल्वेची ही सवलत मात्र त्यांतल्या थोड्यांनाच आहे: सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग, पूर्ण अंध, बौद्धिक अपंगत्व असलेले, आणि ऐकणं-बोलणं दोन्ही नसलेले, त्यांची सूट मात्र कमी. काही आजारांच्या रुग्णांसाठी वेगळ्या सवलती आहेत, त्यांचे दाखले वेगळे. माझ्या दाखल्यावर स्पष्ट लिहिलेलं आहे की ही व्यक्ती सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाही. मी वर्षानुवर्षं लोकलच्या अपंगांच्या डब्यातून एकटी कामावर गेले. माझा पगार मी मिळवला, घरभाडं मी भरलं. तरी सवलत हवी तर या वाक्याखाली शिक्का घ्यावाच लागतो. मला हे वाक्य खुपतं. मदत लागते ती दाराशी, चढताना पाच मिनिटं आणि उतरताना पाच. मधले दहा तास मी माझी समर्थ असते. पण ती दहा मिनिटं सांभाळायला स्टेशनवर कोणी नेमलेला नसतो, म्हणून आख्ख्या रात्रीसाठी घरचा माणूस न्यावा लागतो. या वेळी भाच्यानं रजा टाकली.

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माझ्या शेजारीण काकूंना अपंगत्वाचा दाखला नाही, म्हणून ही सवलत नाही आणि दिव्यांग कोटाही नाही. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. पण खालच्या बर्थचा एक स्वतंत्र कोटा अजून आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो: साठ किंवा त्याहून मोठे पुरुष, पंचेचाळीस किंवा त्याहून मोठ्या बायका, आणि गरोदर स्त्रिया. अट एवढीच की एका तिकिटावर एकटं किंवा दोघंच असावं. आख्ख्या कुटुंबाचं सहा जणांचं तिकीट एकत्र काढलं की आजीला या कोट्याचा लाभ मिळत नाही आणि तिच्या नशिबी वरचा बर्थ येऊ शकतो. काकूंना मी हे सांगितलं, तेव्हापासून त्या आपलं तिकीट वेगळं काढतात.

नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. सकाळी आठला मी आणि भाचा दोघंही मोबाइल घेऊन बसलो होतो. दिव्यांग कोट्यात स्लीपरच्या डब्यात दोन खालचे आणि दोन मधले बर्थ असतात, खालचा आपल्याला आणि मधला सोबत्याला. थर्ड एसीतही अशीच खालचा-मधल्याची जोडी मिळते. सेकंड एसीत मधला बर्थच नसतो, रात्री कधीही उठून ताठ बसता येतं, आणि कॅलिपर काढणाऱ्या-घालणाऱ्याला याची किंमत कळेल. पण तिथे सूट कमी आणि खालचा बर्थ मिळेलच असं नाही. गाडीच्या टोकाला गार्डच्या डब्याला लागून दिव्यांगांचा खास कप्पा असतो, रुंद दाराचा, आत मोठा संडास. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तोच सोयीचा. पण तो टोकाला असतो, आणि मागे एकदा एका प्रवासात आम्ही तिथे पोचलो तेव्हा आतून कडी लावून धडधाकट माणसं झोपली होती. दार ठोठावण्यात वेळ गेला. तेव्हापासून मी थर्ड एसी घेते. २०२१ पासून आलेल्या थ्री एसी इकॉनॉमी डब्यांत खुर्ची जाईल एवढं दार आणि तसा संडास दिला आहे, ही चांगली गोष्ट झाली. आमच्या गाडीला त्या दिवशी तो डबा नव्हता.

सीएसएमटीला पोचलो तेव्हा गाडी लागलेली होती. माझा डबा बी-दोन.

“ताई, बी-दोन लांब आहे. चालत नका जाऊ, खुर्ची आणतो,” लाल सदऱ्यातला हमाल म्हणाला. खरंच लांब होता. आजकालच्या लाल-करड्या डब्यांची लांबी साडेतेवीस मीटर असते, वीस-बावीस डब्यांची गाडी म्हटली की अर्धा किलोमीटर. कुबड्यांवर मी तेवढं चालते, पण मग दाराशी पोचेपर्यंत खांदे संपलेले असतात आणि खरं काम तर दाराशीच असतं. ओळखपत्र ठेवून उपस्टेशन प्रबंधकांच्या कार्यालयातून चाकाची खुर्ची मिळते, तिचे पैसे नाहीत. ढकलणाऱ्या हमालाचे वेगळे द्यावे लागतात. हे आधी ठरवून घ्यावं. आमच्या हमालदादांनी दर सांगितला, आम्ही हो म्हणालो. खुर्ची चालवताना त्यांनी एक गोष्ट केली जी फार थोडे करतात. प्लॅटफॉर्मवर खड्डा किंवा लादी उचललेली दिसली की आधी सांगायचे, “ताई, हिसका बसेल,” आणि मग पुढे न्यायचे. खुर्चीत बसलेल्या माणसाला समोरचं दिसत असतं, पण वेग आपल्या हातात नसतो. त्या एका वाक्यानं पाठ सैल राहते.

आता दार. रेल्वेच्या मापांत उंच प्लॅटफॉर्म म्हणजे रुळाच्या वर ७६० ते ८४० मिलिमीटर. डब्याची जमीन रुळापासून सव्वा मीटरच्याही वर. म्हणजे मुंबईच्या चांगल्या प्लॅटफॉर्मवरूनही मला दीड फूट चढायचं असतं, दोन टप्प्यांत, आणि मध्ये फट. पायरी लोखंडी, जाळीची, काठाला धार असलेली. धडधाकट माणूस ती बघतही नाही.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी कुबड्या भाच्याकडे. मग दोन्ही बाजूंचे उभे दांडे हातांत. वर जाताना चांगला पाय आधी आणि उतरताना कमजोर पाय आधी, हे फिजिओथेरपिस्टनं लहानपणी शिकवलेलं आजही तोंडात येतं. डावा पाय पायरीवर, हातांनी शरीर वर ओढायचं, मग कॅलिपरचा पाय कंबरेतून फिरवून मागून आणायचा. कॅलिपरचं गुडघ्याचं लॉक बसलेलं असतं, त्यामुळे तो पाय दुमडत नाही. बाजूनं अर्धगोल फिरवूनच आणावा लागतो आणि त्याला जागा लागते. या सगळ्याला मिनिट-दीड मिनिट पुरतं. पण त्या वेळात कोणी मला हात लावता कामा नये.

मी पहिल्या पायरीवर होते. मागून एक तरुण आला, “चला मावशी,” म्हणाला आणि डाव्या काखेत हात घालून त्यानं मला वर ओढलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझा सगळा तोल त्या क्षणी डाव्या पायावर आणि दोन हातांवर होता. त्यानं ओढल्याबरोबर डावा हात दांड्यावरून सुटला, कॅलिपरचा पाय मागेच राहिला आणि गुडघ्याची पट्टी पायरीच्या काठावर आपटली. भाचा ओरडला, “अहो, सोडा त्यांना!” सोडलं असतं तर मी फटीत गेले असते. मी म्हटलं, “दादा, सोडू नका, ओढूही नका. तुमचा हात असा आडवा घट्ट धरा, दांड्याच्या शेजारी. मी त्यावर भार देते.” त्यानं कोपर अंगाशी दाबून हात पुढे धरला. लाकडाच्या आडव्या वाशासारखा तो हात स्थिर राहिला. त्यावर तळवा टेकून मी वर गेले, पाय फिरवून आणला आणि आत उभी राहिले. तो बिचारा घाबरला होता. “मला माहीत नव्हतं,” म्हणाला. कसं माहीत असणार? मदत कशी करायची हे आपल्याकडे कोणी कुठे शिकवत नाही.

म्हणून हे मी सगळ्यांना सांगते. आम्हाला उचलायला धावू नका. आधी विचारा, “कसा हात देऊ?” प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल. माझं उत्तर आहे, धरायला पक्की जागा द्या आणि माझ्या मागे गर्दी अडवा. दिसत नसलेल्या माणसाचं उत्तर असेल, “मला धरू नका, मला तुमचं कोपर धरू द्या.” आणि ज्यांना खरोखर उचलूनच न्यावं लागतं, त्यांचं दुःख तर फार मोठं. मुंबईच्या विराली मोदी चाकाची खुर्ची वापरतात. गाडीत चढवताना उचलणाऱ्या हमालांनी आपल्या अंगाला कसा नको तसा स्पर्श केला, हे त्यांनी उघडपणे मांडलं आणि रेल्वे सर्वांसाठी सुगम व्हावी म्हणून मोहीम उभी केली. त्यातून काही मोठ्या स्टेशनांवर घडीचे रॅम्प आणि डब्याच्या बोळातून जाईल अशा अरुंद खुर्च्या आल्या. बाईमाणसानं हे बोलायला किती धैर्य लागतं, ते मला माहीत आहे. मी कुबड्यांवर का होईना उभी राहते, म्हणून माझं अंग बरंचसं माझ्या ताब्यात राहतं.

आणि उंची बदलता येत नाही असं कोणी सांगितलं तर ते मला पटत नाही. २०१४ मध्ये घाटकोपरला गाडी आणि प्लॅटफॉर्ममधल्या फटीत झालेल्या भीषण अपघातानंतर मुंबईतल्या लोकलच्या प्लॅटफॉर्मची उंची वाढवली गेलीच ना? आज लोकलमध्ये चढणं मला पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपं जातं. सुगम्य भारत अभियान ३ डिसेंबर २०१५ ला सुरू झालं. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना सांगितलं की सुगमतेचे निकष नुसती शिफारस म्हणून ठेवून चालणार नाही, काही निकष सक्तीचेच हवेत. माझ्यासाठी त्या निकालाचा अर्थ दीड फुटाचा आहे.

आत गेल्यावर पहिलं काम संडास कुठल्या टोकाला कोणता ते बघणं. मला उकिडवं बसता येत नाही, कमोडच लागतो. भाचा दोन्ही टोकं बघून आला: कमोड आमच्याच बाजूला, दांडा पक्का, कडी लागते. मग बर्थ. गाडी अकराच्या सुमारास सुटते आणि रात्री दहा ते सकाळी सहा ही मधल्या बर्थची हक्काची वेळ, त्यामुळे सगळेच आल्या आल्या बर्थ लावून झोपायच्या तयारीत असतात. मधला बर्थ उचलून लावला की खालच्या बर्थवर ताठ बसता येत नाही, आणि ताठ बसल्याशिवाय मला कॅलिपर नीट काढता येत नाही. पाय सरळ ठेवून मांडीचा पट्टा, गुडघ्याचं लॉक, पोटरीचा पट्टा, मग बूट, असा क्रम असतो. मी समोरच्या गृहस्थांना म्हटलं, “दहा मिनिटं द्याल का? हे काढून झालं की लावा बर्थ.” त्यांनी चादर हातात घेऊन बाजूच्या सीटवर बसून वाट पाहिली. त्यांच्याबरोबरच्या आजींचा बर्थ वरचा होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे, आणि काही बोलल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं. माझा बर्थ मी देऊ शकत नव्हते, हे खरंच होतं, पण सत्तरीच्या बाईला वर चढायला लावणं काही बरोबर नव्हे. भाच्यानं दोन कप्पे पलीकडे एका कॉलेजच्या मुलाशी बोलून आजींना खालची जागा मिळवून दिली. मुलगा लगेच तयार झाला. आजींनी झोपण्याआधी येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

कुबड्या कुठे ठेवायच्या हाही प्रश्न असतो. खाली सरकवल्या तर रात्री हाताला लागत नाहीत, बोळात ठेवल्या तर कोणी अडखळून पडतं. मी त्या बर्थवरच, भिंतीकडच्या बाजूला, अंगाशी घेऊन झोपते. कॅलिपर पायथ्याशी, बूट वर येईल असा.

पाण्याचं मात्र मोकळेपणानं लिहिते, कारण आम्ही बायका हे एकमेकींत बोलतो, बाहेर नाही. संडासला जायला लागू नये म्हणून आमच्यातल्या कितीतरी जणी प्रवासाच्या दिवशी दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. मीही तरुणपणी तेच करायची आणि नंतर लघवीच्या जंतुसंसर्गानं हैराण व्हायची. आता पाणी पिते. त्याची किंमत म्हणजे रात्री एकदा तरी उठणं.

रत्नागिरीच्या अलीकडे कुठेतरी जाग आली. या मार्गावर बोगद्यांमागून बोगदे आहेत, त्यांतला करबुड्याचा तर साडेसहा किलोमीटरचा. गाडी बोगद्यात शिरली की आवाज बदलतो आणि कान दडपतात. मी भाच्याला हाक मारली. आडवं पडूनच, कोपरावर रेलून, कॅलिपर चढवलं. पट्टे चाचपडत लावले. बोळात कोणाचे पाय, कोणाच्या चपला, एक पाण्याची बाटली घरंगळत होती. भाचा पुढे चालत वाट मोकळी करत होता. डब्याच्या आतलं दार सोडलं की आपोआप मिटतं, आणि दोन्ही हातांत कुबड्या असताना ते धरायला तिसरा हात कुठून आणायचा? ते त्यानं धरलं. संडासाच्या फरशीवर पाणी होतं. कुबडीच्या टोकाचं रबर झिजलेलं असलं तर ओल्या फरशीवर ती साबणावरून घसरल्यागत जाते, म्हणून निघण्याआधी मी नवी रबरं बसवून घेतेच. शिवाय पिशवीत जुनी वर्तमानपत्रं ठेवते. भाच्यानं दोन कागद पसरले, तो बाहेर उभा राहिला, मी कडी लावली. आत गेल्यावर एक हात दांड्यावर, एक भिंतीवर, आणि वळणाचा अंदाज घेत सगळं करायचं. परत बर्थवर येईपर्यंत अर्धा तास गेला असेल. मग कॅलिपर काढलंच नाही. पट्टे सैल करून तशीच पडून राहिले.

वैभववाडी गेल्यावर मी उठून तयार झाले. आमचं स्टेशन छोटं, थांबा दोन मिनिटांचा. चढायला सीएसएमटी निवडता येते, उतरायला पर्याय नसतो. म्हणून रात्रीच तिकीट तपासनीसांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी आरक्षणाच्या यादीत खूण केली होती आणि सकाळी स्वतः येऊन सांगून गेले, “मॅडम, प्लॅटफॉर्म डाव्या हाताला येईल. मी गार्डला कळवलंय. तुम्ही पूर्ण उतरल्याशिवाय मी दार सोडणार नाही.” कोणत्या बाजूला उतरायचं हे आधी कळणं किती मोलाचं असतं! ऐन वेळी या दारातून त्या दारात जाण्यातच माझी दोन मिनिटं संपली असती. कणकवली सुटल्यावर आम्ही आतल्या दाराशी जाऊन थांबलो. सामान भाच्यानं आधीच पुढे आणलं होतं, पण ते शेवटी उतरवायचं असं ठरलं होतं. आधी कुबड्या, मग मी, मग पिशव्या.

प्लॅटफॉर्म मुंबईपेक्षा खाली होता. मध्यम उंचीचा म्हणजे रुळावर ४५५ मिलिमीटरपर्यंतचा. तिथून डब्याच्या जमिनीपर्यंत अडीच फुटांहून जास्त. अशा ठिकाणी मी तोंड डब्याकडे करून, शिडी उतरतात तशी पाठमोरी उतरते. कॅलिपरचा पाय आधी खाली सोडायचा, बूट पायरीला टेकल्याचा आवाज ऐकायचा, मग भार द्यायचा. पाठमोरं उतरताना पायरी दिसत नाही, कानावर भरवसा ठेवावा लागतो. खाली आत्याचा मुलगा उभा होता.

“थांब गो, काठी आदी माका दी,” तो म्हणाला. “आता सावकास. घाय करू नको.”

त्यानं हात लावला नाही. शेवटच्या पायरीवर त्यानं स्वतःचा खांदा खाली वाकवून माझ्या हाताखाली आणला आणि तसाच उभा राहिला. लहानपणापासून तो माझ्याबरोबर वाढला, त्याला काही सांगावं लागत नाही. तपासनीस दारात उभे होते, हिरवा झेंडा अजून मागे दिसत नव्हता. पिशव्या खाली आल्या, त्यांनी हात केला आणि गाडी सुटली.

आत्यापाशी चार दिवस राहिले. ते सगळं इथे लिहीत नाही.

परतीच्या आदल्या दिवशी आम्ही मुद्दाम स्टेशनवर जाऊन स्टेशनमास्तरांना भेटलो. छोट्या स्टेशनावर हे करता येतं आणि करावंच. एकेरी मार्गावर गाड्यांचं क्रॉसिंग असलं, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची असली, की गाडी कुठल्या फलाटावर घ्यायची ते ऐन वेळी ठरतं. दोन नंबरवर आली तर पायऱ्यांचा पूल. त्यांनी सांगितलं, “क्रॉसिंग नसेल तर एक नंबरवर घेतो. असलं तर तुम्ही अर्धा तास आधी या, माझा माणूस तुम्हाला पलीकडे नेईल.” क्रॉसिंग होतं. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उतार असतो आणि तिथून सामानाच्या हातगाडीसाठी रूळ ओलांडायची वाट. प्रवाशांना एरवी तिकडून जायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. हातात दिवा घेतलेला पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे सांभाळणारा कर्मचारी, पुढे, माझी चाकाची खुर्ची ढकलणारा आत्येभाऊ मागे, असं आम्ही ओलांडलं. दगडी खडीत पुढची चाकं अडकायची म्हणून त्यांनी खुर्ची उलटी करून मोठी चाकं आधी नेली. ही युक्ती त्या पॉइंट्समननं सुचवली.

गाडी यायला वेळ होता. पलीकडे जाण्याआधीच मी मास्तरांच्या टेबलावर अर्ज लिहून दिला होता. दोन मागण्या: या स्टेशनवर एक घडीचा रॅम्प ठेवावा, आणि दिव्यांग कोट्याचे बर्थ असलेला डबा जिथे थांबतो निदान तेवढ्या भागात प्लॅटफॉर्म उंच करावा. सोबत पायरीचं आणि प्लॅटफॉर्मचं माप, भाच्यानं टेपनं घेतलेलं, आणि दोन फोटो. मास्तरांनी अर्ज वाचला, “वर पाठवतो,” म्हणाले आणि प्रतीवर तारीख घालून शिक्का मारून दिला. ती पोच माझ्या फायलीत आहे. तीन महिने वाट बघेन. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारणा करीन, आणि पुढच्या वेळी आत्याकडे जाताना मास्तरांना पुन्हा भेटेन.